घसा धरला तर हयगय नको



या पानावर दर खेपेस आम्ही बेणे, लागण, खते, हुमणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात येणारा माणूस आधी खाकरतो आणि मग तोडीची चौकशी करतो. थंडी पडलेली असते, फडात धूळ उडते, कुठे पाचट पेटते, रस्त्याने ट्रॅक्टर-ट्रॉल्या धुरळा उडवत जातात. घरात कोणाचा ना कोणाचा घसा धरलेला असतो. "होईल बरा दोन दिवसांनी," असे म्हणून आपण विषय सोडून देतो. बहुतेक वेळा तो बराही होतो. पण काही घसे असे असतात की त्यांच्याकडे काणाडोळा केला तर त्याची किंमत जन्मभर मोजावी लागते. कोणता घसा घरी सांभाळायचा आणि कोणता डॉक्टरांना दाखवायचा, हे सभासदांना ओळखता यावे एवढ्यासाठी हा लेख आहे. आम्ही शेती पदविकेचे माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आमच्याकडून झालेली चूक

हा लेख लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. काही हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटात बीडकडची एक टोळी उतरली होती. त्यांतली एक बाई सकाळी गट कार्यालयात आली आणि म्हणाली, "साहेब, पोरीचा घसा लई धरलाय. गिळवंना. अंगबी तापलंय." मुलगी नऊ वर्षांची. त्या दिवशी फड मोठा होता, गाड्या लागल्या होत्या, टोळी थांबली असती तर खाडा पडला असता. आमच्या टेबलाच्या खणात आमच्याच मागच्या आजारातल्या चार कॅप्सूल उरल्या होत्या. "एक सकाळी, एक संध्याकाळी दे, उतरेल ताप," असे सांगून त्या आम्ही दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला. मुलगी खेळू लागली. तिच्या आईने आमचे आभार मानले आणि आम्हालाही बरे काम केल्यासारखे वाटले.

तीन आठवड्यांनी मुकादम सांगत आला, पोरीचा घोटा सुजलाय, चालता येईना. गाडीवरून उतरताना पाय मुरगळला असेल म्हणून तेल लावून शेकले. घोटा उतरला तर गुडघा सुजला. गुडघा उतरला तर दुसरा घोटा धरला. "वात आहे," असे टोळीतल्या जाणत्यांनी ठरवले. पुढे कोपीवर पाण्याची कळशी नेताना मुलीला धाप लागू लागली, तेव्हा कुठे गाडी करून तिला आधी तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तपासण्या केल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "महिन्याभरापूर्वी हिचा घसा दुखत होता का? तेव्हा काय औषध दिलं?"

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी आमच्यावर आली. मुलीच्या हृदयाच्या एका झडपेला इजा झाली होती.

घसा दुखतो म्हणजे काय होते

घसा दुखण्याची कारणे अनेक आहेत. पैकी सर्वांत मोठे कारण म्हणजे विषाणू, ज्यांच्यामुळे सर्दी-पडसे होते. त्यांच्या जोडीला धूळ, धूर, विडी, तंबाखू, कोरडी थंड हवा, रात्री तोंडाने श्वास घेणे आणि पोटातले आम्ल वर येणे हीही कारणे असतात. उरलेला एक गट जिवाणूंचा. त्यांत महत्त्वाचा आहे तो स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत घसादुखीच्या शंभर रुग्णांपैकी साधारण वीस ते तीस जण या जिवाणूचे असतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण बरेच कमी, म्हणजे शंभरात पाच ते पंधरा आहे.

विषाणू आणि जिवाणू यांतला फरक सभासदांना नवीन नाही. उसावर मोझॅक येतो तो विषाणूचा. त्यावर फवारायला औषध नाही, हे आपण मेळाव्यांतून ऐकले आहे. माणसाच्या सर्दीचेही तसेच. विषाणूच्या घशाला अँटिबायोटिक देणे म्हणजे हुमणीवर बुरशीनाशक ओतण्यासारखे आहे. पैसे गेले, हुमणी तशीच, आणि जमिनीतले उपयोगी जीव मात्र मेले. विषाणूचा घसा आठवडाभरात आपोआप बरा होतो. औषध घेतले तर सात दिवस आणि नाही घेतले तर एक आठवडा, असे लोक गमतीने म्हणतात त्यात तथ्य आहे.

दोन्हींतला फरक कसा ओळखावा

विषाणूचा घसा एकटा येत नाही. त्याच्या सोबत नाक गळते, शिंका येतात, खोकला असतो, आवाज बसतो, कधी डोळे लाल होतात.

जिवाणूचा घसा बहुधा एकाएकी धरतो. सकाळी चांगला असलेला मुलगा संध्याकाळी गिळताना रडतो. अशा वेळी चार गोष्टी पाहाव्यात :

१. ताप १००.४ अंशांच्या (फॅरनहाइट) वर आहे का?
२. खोकला नाही ना? (खोकला नसणे हे जिवाणूकडे बोट दाखवते.)
३. जबड्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला अवधाण आले आहे का आणि दाबल्यावर दुखते का?
४. उजेडात तोंड उघडून पाहिले तर टॉन्सिल सुजलेले आणि त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात का?

यांतल्या तीन-चार गोष्टी जुळल्या, आणि त्यातून मूल पाच ते पंधरा वर्षांचे असले, तर घरी थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलांत कधी कधी घशाआधी पोटदुखी आणि उलटी दिसते, हेही लक्षात ठेवावे. मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहून डॉक्टरांनाही दर वेळी खात्री देता येत नाही. घशाला कापसाची काडी लावून तपासणी करता येते. ती सोय असेल तेथे करून घ्यावी.

घरी काय करावे

साध्या घशाला घरचा उपाय पुरेसा आहे. कोमट पाण्याच्या पेल्यात चहाचा पाव ते अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. गुळण्या करता येतील एवढ्या मोठ्या मुलांनाच द्याव्यात. कोमट पाणी, भाताची पेज, वरण, कढण असे पातळ पदार्थ वरचेवर घ्यावेत, म्हणजे अंगातले पाणी कमी होत नाही. हळद घातलेले दूध, आल्याचा चहा, ज्येष्ठमधाची काडी यांनी घशाला आराम वाटतो. त्यास हरकत नाही. मध चालतो, पण एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते.

ताप आणि दुखणे यांसाठी पॅरासिटामॉल चालते. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, गरज पडल्यास सहा तासांनी पुन्हा घ्यावी. लहान मुलाचे प्रमाण वजनावर ठरते, तेव्हा ते डॉक्टरांना किंवा आरोग्य सेविकेला विचारून द्यावे. तापलेल्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. दुकानातून नुसते "घशाचं औषध द्या" असे म्हणून आणलेले अँटिबायोटिक तर नकोच नको.

अर्धवट औषध म्हणजे शेंडा खुरपणे

जिवाणूच्या घशावर पेनिसिलिन हे जुने आणि आजही खात्रीचे औषध आहे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते बुरशीत सापडले. आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज या घशासाठी डॉक्टर पेनिसिलिनच्या किंवा त्याच वर्गातल्या औषधाच्या गोळ्या दहा दिवस देतात, किंवा लांब मुदतीचे एक इंजेक्शन देतात. पूर्वी कधी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर ते आधी सांगावे. त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत.

आता गोम इथे आहे. औषध सुरू केले की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि घसा मोकळा होतो. मग आपण म्हणतो, बरे झाले, उरलेल्या गोळ्या ठेवू पुढच्या वेळेला. सभासदहो, लव्हाळ्याचा शेंडा खुरपला आणि गाठ जमिनीत राहिली तर रान चार दिवस स्वच्छ दिसते. पुढे काय होते ते तुम्हीच जाणता. दहा दिवसांच्या गोळ्या या गाठ काढण्यासाठी असतात. आमच्या खणातल्या त्या चार कॅप्सूलनी शेंडा खुरपला. गाठ राहिली.

घशाचा हृदयाशी काय संबंध

पुष्कळांना हे खरे वाटत नाही, म्हणून जरा खुलासा करतो. घशात शिरलेल्या जिवाणूशी लढण्यासाठी शरीर आपली फौज तयार करते. या जिवाणूच्या अंगावरचे काही घटक आपल्या हृदयाच्या आणि सांध्यांच्या पेशींसारखे असतात. नवखा माणूस खुरपायला बसला की गवत समजून उसाचा कोंबही उपटतो, तसा हा प्रकार. जिवाणू समजून फौज आपल्याच शरीरावर चालून जाते. याला संधिवाताचा ताप म्हणतात.

हा ताप घसा दुखून गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी येतो. तोवर घसा दुखला होता हेही घरचे विसरलेले असतात. सांधे सुजतात, एकातून दुसऱ्यात दुखणे फिरते, धाप लागते, छातीत धडधडते, क्वचित हातापायांच्या नकळत हालचाली होतात. सांधे पुढे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र पुष्कळदा पूर्ववत होत नाहीत. झडप आखडते किंवा गळते. बैलगाडीच्या वाटेवर पाटाचे दार नीट बंद होत नसेल तर पाणी मागे फिरते, तसे रक्त मागे फिरते आणि हृदयावर जादा ताण पडतो.

घाबरवण्याचा हेतू नाही. औषध न घेतलेल्या जिवाणूच्या घशातूनही शंभरात फार तर दोन-तीन मुलांना, बहुधा त्याहूनही कमी मुलांना हा ताप येतो. आणि दिलाशाची गोष्ट अशी की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी हा धोका टळतो. म्हणजे एक दिवस तोड चुकली म्हणून बिघडत नाही. महिना चुकला तर बिघडते.

घटसर्प : जनावरांचा आणि माणसांचा

पावसाळ्याआधी आपण म्हशी-बैलांना घटसर्पाची लस टोचून घेतो. माणसांच्या मुलांनाही घटसर्प होतो. नाव एकच असले तरी जिवाणू वेगळे आहेत आणि एकाचा रोग दुसऱ्याला होत नाही. माणसांच्या घटसर्पात घशात करड्या-पांढऱ्या रंगाचा पापुद्रा धरतो, मान सुजते आणि श्वास कोंडतो. यात तास-तास महत्त्वाचा असतो. यावर लस आहे आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, पुन्हा पाच-सहा वर्षांना, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी. पुष्कळ घरांत पहिल्या तीन होतात आणि पुढच्या राहतात. म्हशीची लस ज्या वहीत लिहिता, त्याच्या शेजारी मुलाचीही तारीख लिहावी ही विनंती.

ताबडतोब दवाखाना केव्हा

पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये :

– श्वास घेताना आवाज येतो किंवा छाती ओढली जाते
– थुंकीही गिळता येत नाही, लाळ गळते
– तोंड उघडता येत नाही, आवाज तोंडात काही धरल्यासारखा येतो
– घशात पापुद्रा दिसतो किंवा मान सुजली आहे
– लघवी कमी झाली, मूल मलूल पडले
– घशानंतर काही आठवड्यांनी सांधे सुजले किंवा धाप लागली

याशिवाय आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, गिळताना अडते असे वाटत असेल किंवा मानेत न दुखणारी गाठ असेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू-चुना, मिश्री, विडी यांची सवय असलेल्यांनी यात मुळीच चालढकल करू नये. हा घशाचा कर्करोगही असू शकतो. लवकर सापडला तर तो बरा होतो.

पाचटाचा धूर

आता आमच्या खात्यापुरते बोलतो. हंगामातल्या निम्म्या खाकरण्याला आपणच पेटवलेले पाचट जबाबदार आहे, असे म्हटले तर राग मानू नये. एक हेक्टर फडातून साधारण आठ ते दहा टन पाचट निघते. ते पेटवले की सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरावाटे जाते, आणि तोच धूर वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि बाळांच्या घशात जातो. त्याऐवजी खोडव्यात पाचट एकाआड एक सरीत दाबावे. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू १० किलो टाकून पाणी द्यावे. जमिनीला खत मिळते, ओल टिकते, तण कमी होते, आणि घसाही वाचतो.

टोळीतली मुले

शेवटी मुख्य विनंती. आपला ऊस तोडायला येणारी कुटुंबे कोप्यांत राहतात. एका कोपीत पाच-सहा माणसे, चुलीचा धूर, पाण्याचा एकच पेला. स्ट्रेप्टोकोकस शिंका-खोकल्यातून आणि उष्ट्या भांड्यांतून पसरतो. त्याला याहून सोयीची जागा नाही. ही मुले आपल्या बांधावर चार-पाच महिने असतात. आई-बाप पहाटे फडात जातात. घसा धरलेल्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणारे कोणी नसते, कारण कोयता थांबला की त्या दिवसाची मजुरी थांबते.

तेव्हा ज्यांच्या फडात टोळी आहे त्या सभासदांनी एवढे करावे. मूल तापले आहे, गिळता येत नाही असे कळले की आपल्या मोटारसायकलीवरून त्याला आणि त्याच्या आईला आरोग्य केंद्रात पोचवावे. आशाताईंना कोप्यांवर फेरी मारायला सांगावे. दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर पाचव्या-सहाव्या दिवशी, "गोळ्या चालू हायत का?" एवढे विचारावे. औषध सुरू होऊन चोवीस तास झाले की त्या मुलापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बहुतांशी संपतो. मग ते शाळेत जाऊ शकते. आणि मुकादमांनी त्या आईचा अर्धा दिवस खाडा धरू नये. ते शक्य नसेल तर आमच्याकडे यावे. त्यातून काही मार्ग काढू.

ती मुलगी या हंगामातही टोळीबरोबर आली आहे. दर एकवीस दिवसांनी तिला पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, म्हणजे पुन्हा घसा धरून झडपेला आणखी इजा होऊ नये. झडप बिघडलेल्यांना ही इंजेक्शने वयाच्या चाळिशीपर्यंतही घ्यावी लागतात. गावाकडून निघताना एक तारीख चुकली होती, ती टोळी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः जाऊन भरून काढली. तिचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिची आई उराशी जपते. पुढची तारीख आमच्या डायरीत लागण नोंदींच्या पानावरच लिहिलेली आहे.

टेबलाच्या त्या खणात आता आम्ही उरलेल्या गोळ्या ठेवत नाही. तिथे आरोग्य केंद्राची वेळ लिहिलेला कागद चिकटवला आहे. सभासदांनीही आपापल्या घरी तसे करावे, एवढे सांगून हा लेख पुरा करतो. पुढच्या अंकी नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी